ओटो वारबुर्ग

ओटो हाइनरिख वारबुर्ग (८ ऑक्टोबर, १८८३ – १ ऑगस्ट, १९७०) हे जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. पेशीश्वसनातील एंझाइमाचे स्वरूप व कार्यपद्धती शोधल्याबद्दल त्यांना १९३१ चे शरीरक्रियाशास्त्र व वैद्यक विषयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कर्करोगाच्या पेशींमधील ग्लुकोजच्या विघटनाविषयीचे त्यांचे निरीक्षण ‘वारबुर्ग परिणाम’ या नावाने ओळखले जाते.

== जीवन ==

वारबुर्ग यांचा जन्म फ्रायबुर्ग येथे झाला. वडील एमिल वारबुर्ग हे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ होते. एमिल फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली रसायनशास्त्रात (१९०६) आणि पुढे हायडेलबर्ग येथे वैद्यकात (१९११) ओटो यांनी डॉक्टरेट मिळवली. सी अर्चिन या सागरी प्राण्याच्या अंड्यांचा ऑक्सिजनवापर फलनानंतर अनेक पटींनी वाढतो, हे त्यांनी याच काळात दाखवले. पहिल्या महायुद्धात ते घोडदळात होते व जखमीही झाले. १९१८ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पत्र लिहून त्यांना आघाडी सोडून संशोधनाकडे परतण्याची गळ घातली.

वडिलांचे घराणे ज्यू असूनही नाझी राजवटीत वारबुर्ग जर्मनीतच राहिले. १९४१ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्यात आले. मात्र कर्करोगावर संशोधन करावे या अटीवर काही आठवड्यांतच ते परत रुजू झाले. बहुतेक ज्यू सहकाऱ्यांना देश सोडावा लागलेला असताना त्यांनी तेथेच राहणे पत्करले, यावर पुढे टीका झाली.

== संशोधन ==

वारबुर्ग यांची खरी ताकद मोजमापात होती. ऊतीचे अतिशय पातळ काप द्रावात ठेवून ते वायूच्या दाबातील बदल दाबमापकाने मोजत. काप पातळ असल्याने आतील पेशींनाही ऑक्सिजन मिळत असे. १९२० च्या दशकात या पद्धतीने त्यांना आढळले, की पुरेसा ऑक्सिजन असतानाही अर्बुदाच्या पेशी मोठ्या प्रमाणावर ग्लुकोजचे लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. निरोगी ऊतींमध्ये ही क्रिया ऑक्सिजनच्या उपस्थितीत बरीच मंदावते.

कार्बन मोनॉक्साइडमुळे थांबलेले श्वसन प्रकाश पडताच पुन्हा सुरू होते. वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वापरून त्यांनी श्वसन-एंझाइमात लोहयुक्त हीम असल्याचे दाखवले. सहएंझाइमांवरील त्यांच्या कामातून प्रकाशीय चाचणी विकसित झाली. एनएडीएच हे सहएंझाइम ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते; त्यातील घट-वाढीवरून एंझाइमाची क्रियाशीलता कळते. १९४३ मध्ये वारबुर्ग व वाल्टर क्रिस्टियान यांनी अर्बुद असलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात ग्लुकोज-विघटनाशी संबंधित एंझाइमे वाढलेली असल्याचे नोंदवले.

== कर्करोगाचा सिद्धान्त व वाद ==

श्वसनयंत्रणेला झालेली कायमची इजा हेच कर्करोगाचे मूळ कारण, असे वारबुर्ग यांचे ठाम मत होते आणि १९५६ मध्ये त्यांनी ते पुन्हा मांडले. सिडनी वाइनहाउस यांनी त्याला आक्षेप घेतला. अनेक अर्बुदांतील मायटोकाँड्रिया व्यवस्थित काम करतात. ग्लुकोजचा वाढीव वापर हा बहुधा जनुकीय बदलांचा परिणाम असतो, असे आज मानले जाते. वारबुर्ग यांनी मात्र अखेरपर्यंत माघार घेतली नाही. कर्करोगाच्या धास्तीने ते स्वतःच्या बागेतील भाजीपाला खात.

== वैद्यकातील उपयोग ==

सिद्धान्त मागे पडला, तरी निरीक्षण टिकले. अर्बुदे किरणोत्सारी ग्लुकोजसदृश पदार्थ अधिक शोषतात, यावर पेट स्कॅन आधारलेला आहे. लॅक्टिक आम्ल तयार होण्याच्या टप्प्यावरील लॅक्टेट डीहायड्रोजिनेज (एलडीएच) हे एंझाइम मोठे आतडे व गुदाशय यांच्या कर्करोगात फलानुमानासाठी अभ्यासले गेले आहे. रोग इतर इंद्रियांत पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले असल्यास जीवनकाळ सरासरीने कमी आढळतो. परंतु यकृतविकार, रक्तपेशींचे विघटन किंवा स्नायूंची इजा यांतही एलडीएच वाढते. त्यामुळे केवळ त्यावरून निदान करता येत नाही. रोगाचा टप्पा व इतर तपासण्यांच्या जोडीनेच त्याचा विचार केला जातो. प्रयोगशाळांत एलडीएच आजही ३४० नॅनोमीटरच्या चाचणीनेच मोजले जाते.