गांधीजींच्या सभेला कर्णे लावणारा माणूस इंग्रजांच्या कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिला

रिठदचं मैदान असो नाहीतर मुंबईचं शिवाजी पार्क, सभा म्हटलं की आधी ‘हॅलो, माईक टेस्टिंग’ ऐकू येतं. पण गांधीजींच्या सुरुवातीच्या सभांना हे काहीच नव्हतं. आवाज बारीक, गर्दी हजारोंची. मागच्यांना फक्त दर्शन व्हायचं.

हे खटकलं नानिक मोटवाने यांना. मुंबईत त्यांच्या कुटुंबाची ‘शिकागो रेडिओ’ नावाची कंपनी होती. नाव अमेरिकन, मालक सिंधी.

बाहेरून मागवलेली यंत्रं आपल्या मैदानांसाठी जुळवून घ्यायची होती. ड्रायव्हर छोटाच असतो, पण पुढे कर्णा लावला की आवाज एका दिशेला लांब जातो. मात्र कर्ण्याचं तोंड माईककडे वळलं की शिट्टी वाजलीच! त्यामुळे कुठला कर्णा कुठे बांधायचा, हीच खरी कारागिरी.

१९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये गांधीजी शिकागो रेडिओच्या माईकवरून बोलले. पुढे काँग्रेसच्या सभा आणि हे भोंगे असं समीकरणच झालं.

१९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. सामान पुरवल्याच्या आरोपावरून मोटवानेही अडकले. धंदा आणि स्वातंत्र्य, दोन्ही पणाला लागलं. १९४३ मध्ये उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली, मोटवाने मात्र निर्दोष सुटले.

१९७० मध्ये ते गेले. नेत्यांची भाषणं इतिहासात राहिली, ती ऐकवणारा माणूस मात्र मंचामागेच राहिला.