ड्यु बॉईस यांचा पत्रसंग्रह आणि आपण

१९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेला एक पत्र पाठविले. ते होते विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्यु बॉईस या कृष्णवर्णीयांच्या मुक्तिलढ्यातील प्रज्ञावंत सेनानीला.

ड्यु बॉईस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. १८९५ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय. आधी कामधंदा शिका, राजकीय हक्कांचे नंतर पाहू, ही बुकर टी. वॉशिंग्टन यांची तडजोड त्यांनी धुडकावली. १९०९ साली एनएएसीपी या संघटनेच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. तिचे 'क्रायसिस' हे मुखपत्र त्यांनी १९१० ते १९३४ पर्यंत चालविले.

नॅशनल निग्रो काँग्रेसने १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांची कैफियत मांडली. अस्पृश्यांचा प्रश्नही तेथे नेण्याचा बाबासाहेबांचा विचार होता. म्हणून त्यांनी त्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. ३१ जुलैला ड्यु बॉईस यांनी उत्तर दिले, प्रती पाठविण्याचे मान्य केले आणि अस्पृश्यांविषयी सहानुभूतीही कळविली. पुढच्याच वर्षी एनएएसीपीची कैफियतही त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रसंघात दाखल झाली.

या झुंजीची किंमत त्यांना चुकवावी लागली. शांततेचा प्रचार केला म्हणून १९५१ साली वयाच्या ८३ व्या वर्षी त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला गेला. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले, तरी सरकारने पुढे अनेक वर्षे पासपोर्ट अडवून धरला. १९६१ मध्ये ते घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी अक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये हक्कांसाठी लाखोंचा मोर्चा निघाला.

आलेली पत्रे आणि धाडलेल्या पत्रांच्या प्रती ते जपून ठेवीत. त्यांच्या पत्नी शर्ली ग्रॅहम यांच्याकडून १९७३ साली हा ठेवा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडे आला. त्यात १ लाखाहून अधिक पत्रे आहेत आणि त्यातच बाबासाहेबांचे पत्र आहे. त्यांनी ते जपले नसते, तर हा दुवा आपल्याला कोणत्या पुराव्याने सिद्ध करता आला असता?

न्यायालयात उभे राहणाऱ्या माझ्यासारख्याला कागदाचे मोल ठाऊक आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, रिपब्लिकन पक्ष, दलित पँथर यांच्या कार्यकर्त्यांची पत्रे आजही कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत पडून आहेत. वाळवी आणि रद्दीवाला दोघेही वाट पाहत आहेत. बांधवांनो, पुतळ्याला हार घालण्यापूर्वी घरातली ती ट्रंक एकदा उघडा!