हजेरी आणि मैफल

मिहानमधली दिवसपाळी सुटते तेव्हा वर्धा रोडवर सूर्य कललेला असतो. रमजानात याच वेळी इफ्तारसाठी घर गाठण्याची घाई असते. हिंदुस्थानी संगीतात ही वेळ मारवा रागाची. याच नागपुरात वाढलेल्या एका कारकुनाचे आयुष्य या रागाशी जोडले गेले होते. त्यांचे नाव वसंतराव देशपांडे.

२ मे १९२० रोजी मूर्तिजापूरला जन्मलेल्या वसंतरावांना आईने नागपुरात एकटीने वाढवले. गाण्याचे पहिले धडे शंकरराव सप्रे यांच्याकडे मिळाले. भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' या चित्रपटात ते कृष्ण झाले. पुढे लाहोरला उस्ताद असद अली खाँ यांनी त्यांना शिष्य केले आणि कित्येक महिने एकच राग शिकवला, मारवा. हा राग धीराचा आहे. त्यात पंचम नाही आणि षड्जही सहजासहजी हाती लागत नाही. गायक त्याच्याभोवती फिरत राहतो आणि ऐकणारा वाट पाहतो. उर्दूत याला सब्र म्हणतात.

हा सब्र वसंतरावांना गाण्याबाहेरही लागला. संसार चालवायचा तर ठरावीक पगार हवा होता. ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून झाले आणि जवळपास दोन तपे तिथेच राहिले. दिवसभर आकडे, संध्याकाळी सूर. मधे बदली झाली ती थेट ईशान्य सरहद्दीवर, नेफात. तिथे कुठली मैफल आणि कुठले श्रोते!

तरीही शिकणे थांबले नाही. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ आणि उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे चिरंजीव सुरेशबाबू माने यांच्याकडूनही त्यांनी विद्या घेतली. मास्टर दीनानाथांची गायकी तर मनात लहानपणापासूनच होती. इतक्या ठिकाणांहून घेतलेले गाणे एका घराण्याच्या चौकटीत बसेना, म्हणून काही जाणकार नाकही मुरडत. पण वसंतरावांनी कोणाच्या समाधानासाठी आपले गाणे बदलले नाही. चूल नोकरीवर चालत होती, त्यामुळे श्रोत्यांपुढे हात पसरण्याची वेळ आली नाही. कारकुनीने वेळ घेतला खरा, पण हे स्वातंत्र्यही दिले.

१९६५च्या सुमारास त्यांनी नोकरी सोडली. वय पंचेचाळीस. या वयात माणसे निवृत्तीवेतनाचा हिशेब करू लागतात. १९६७च्या डिसेंबरात 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले यांच्या भूमिकेत वसंतराव. इतकी वर्षे दारी थांबलेली दाद आता घराघरातून येऊ लागली. एका देशपांड्यांनी एका मुसलमान उस्तादाचा अभिमान, ईर्षा आणि पश्चात्ताप असा उभा केला की मराठी प्रेक्षकाला तो खाँसाहेब परका वाटला नाही. त्या भूमिकेमागे अभिनय होता, तशीच लाहोर आणि भेंडीबाजारात उस्तादांपुढे बसून केलेली तालीमही होती.

१९८२मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी, वसंतराव गेले. नोकरीची वर्षे सुमारे चोवीस, पूर्णवेळ गाण्याची जेमतेम अठरा. पण या अठरा वर्षांत लोकांनी जे ऐकले, त्याचा रियाज त्या चोवीस वर्षांतही सुरूच होता.

मराठीतले 'हजेरी' आणि 'मैफल' हे दोन्ही शब्द मुळात अरबी. वसंतरावांनी दोन्ही ठिकाणचा हिशेब चोख ठेवला. आज सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहावर त्यांचे नाव आहे. मिहानची पाळी आटोपून जे कोणी तिथल्या मैफलीला जाऊन बसतात, त्यांच्यासारखाच हा माणूसही एकेकाळी कचेरीतून थकून घरी येत असे आणि तानपुरा जुळवत असे.