सिप्लाचे संस्थापक डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद



आपल्या घरातील औषधांचा डबा उघडून पाहा. गोळ्यांच्या एखाद्या पाकिटावर सिप्ला हे नाव बहुधा आढळेल. ही कंपनी कोणा विलायती साहेबाची असावी, असा पुष्कळांचा समज असतो. ती उभी केली अलीगढच्या एका मुसलमान रसायनशास्त्रज्ञाने, आणि तीही आपल्या मुंबईत, मुंबई सेंट्रल स्थानकाजवळच्या बेलासिस रोडवरील एका लहानशा भाड्याच्या बंगल्यात. भाडे होते दरमहा ३५० रुपये.

हे भाडे आरंभीच सांगण्याचे कारण आहे. धंद्याचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास ऐकू येतात. एक, धंदाच करायचा होता तर मुलाला एवढे शिकवले कशाला? आणि दुसरी, भांडवल आणायचे कोठून? डॉ. हमीद यांच्या आयुष्याकडे या दोन प्रश्नांच्या अंगाने पाहावे, असे मला वाटते. त्यांच्या मानसन्मानांविषयी इतरत्र पुष्कळ वाचायला मिळते. बंगल्याच्या भाड्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९८ रोजी अलीगढला झाला. घराणे सुशिक्षित आणि सर सय्यद अहमद खान यांच्या शैक्षणिक चळवळीशी संबंध असलेले. पुढे अलाहाबादच्या म्यूर सेंट्रल कॉलेजात ते शिकत असताना १९२० साली असहकाराची हाक आली आणि त्यांनी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली. त्याच वर्षी अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली. तेथे ते दाखल झाले व रसायनशास्त्र शिकवू लागले. पुढे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकिर हुसेन हे तेथील त्यांचे सोबती.

१९२४ मध्ये ते निघाले इंग्लंडला जाण्यासाठी. पोहोचले मात्र जर्मनीत! त्या काळी हिंदुस्थानातील सुखवस्तू घरातला मुलगा विलायतेला गेला म्हणजे लंडनला जाणार आणि बहुधा बॅरिस्टर होऊन परतणार, हे जवळजवळ ठरलेले असे. हमीद यांना रसायनशास्त्र शिकायचे होते आणि रसायनशास्त्रात, विशेषतः औषधे आणि रंग बनवण्याच्या विद्येत, जर्मनी तेव्हा जगाच्या पुढे होता. म्हणून ते बर्लिनला गेले आणि बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. येथे पालकांनी क्षणभर थांबावे. मुलाला कोठे पाठवायचे हे शेजारच्याचा मुलगा कोठे गेला यावरून ठरवायचे, की त्याला जे शिकायचे आहे ते उत्तम कोठे शिकवले जाते यावरून? बर्लिनमध्येच त्यांची लुबा या लिथुआनियाकडील ज्यू तरुणीशी ओळख झाली. १९२८ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि लुबाबाईंनी मुंबईला आपले घर मानले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. १७ ऑगस्ट १९३५ रोजी केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज या नावाची पब्लिक लिमिटेड कंपनी नोंदवली गेली. या लांबलचक नावातील इंग्रजी आद्याक्षरे जुळवून सिप्ला हा शब्द तयार झाला. पुढे १९८४ मध्ये तेच कंपनीचे अधिकृत नाव ठरले. नोंदणीच्या कागदांत अधिकृत भांडवल ६ लाख रुपये लिहिलेले होते. हा आकडा वाचून दचकू नका. अधिकृत भांडवल म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त किती रकमेचे भाग विकता येतील याची मर्यादा. तेवढी रक्कम पहिल्या दिवशी तिजोरीत असते असे नाही. जसजसे लोक भाग घेतात तसतसा पैसा येतो, आणि लोक भाग घेतात ते माणसावर व त्याच्या कामावर विश्वास बसला तर.

मग हमीद यांनी स्वतः काय घातले? त्यांच्याजवळ औषधे बनवण्याच्या स्वतःच्या कृती होत्या, काही पेटंट घेतलेल्या, काही खास त्यांच्या. त्या सर्व त्यांनी कंपनीला देऊन टाकल्या आणि त्याबद्दल रॉयल्टी घेतली नाही. विद्यार्थ्यांसाठी सांगतो : रॉयल्टी म्हणजे आपली कृती वापरून बनलेल्या प्रत्येक मालामागे आपल्याला मिळणारा ठरावीक हिस्सा. तो मागितला असता तर वावगे काहीच नव्हते. पण नव्या कंपनीला एखाद्या बाटलीवर चार पैसे सुटतात न सुटतात, तोच त्यातला एक पैसा संस्थापकाकडे जाऊ लागला तर ती कंपनी बाळसे कसे धरणार? शिकून काय मिळाले, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. डोक्यातील विद्या हेच त्यांचे भांडवल होते आणि ते त्यांनी सर्वांच्या आधी धंद्यात ओतले.

जागेचा शोध २८९, बेलासिस रोड येथे संपला. मुंबई सेंट्रल स्थानक १९३० च्या डिसेंबरात सुरू झालेले. म्हणजे माल आणणे-पाठवणे सोयीचे. मोजक्या खोल्यांचा तो बंगला २० वर्षांच्या कराराने घेतला. कराराची ही मुदत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या कराराच्या जागेत मोठी यंत्रे बसवणारे आणि मालकाने जागा खाली करायला सांगितली की डोक्याला हात लावणारे लोक मी पाहिले आहेत. औषधाचा कारखाना म्हणजे पाटीखालचे दुकान नव्हे, की उद्या उचलून दुसऱ्या गल्लीत मांडावे. भट्ट्या, नळ, तपासणीची उपकरणे एकदा बसली की बसली.

दरमहा ३५० म्हणजे वर्षाला ४,२०० रुपये. आणि पहिली औषधे विक्रीसाठी तयार झाली ती २२ सप्टेंबर १९३७ रोजी. नोंदणीपासून मोजा : दोन वर्षे, एक महिना आणि वर थोडे दिवस. एवढ्या काळात बाजारात विकायला एकही बाटली नाही. खर्च चालू, आवक शून्य. नवे धंदे अशाच काळात कोलमडतात. माल वाईट म्हणून नव्हे, तर माल बाहेर पडण्याआधीच पैसा आणि धीर दोन्ही संपतात म्हणून. कंपनी सुरू करताना केवळ यंत्रांचा खर्च धरून चालत नाही. विक्रीशिवायचे महिने किती जातील आणि त्या महिन्यांत भाडे, पगार कोठून येणार, हेही आधी मांडावे लागते.

घाई करण्याचा मोह त्यांना झाला नसेल असे नाही, आणि घाई केली असती तर अडवणारेही कोणी नव्हते. बाजारात भेसळीची आणि निकृष्ट औषधे किती, याची चौकशी कर्नल चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये केली होती. परंतु औषधांचा कायदा व्हायला १९४० साल उजाडले. मधल्या काळात रंगीत पाणी बाटलीत भरून विकणाऱ्यांचे बरे चालले होते. अशा बाजारात परदेशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीवरच डॉक्टरांचा व रुग्णांचा भरवसा असणे स्वाभाविक होते. त्या भरवशाशी देशी मालाला स्पर्धा करायची होती, आणि ती केवळ स्वस्ताईने जिंकता येण्याजोगी नव्हती. कंपनीच्या नावातच लॅबोरेटरीज म्हणजे प्रयोगशाळा हा शब्द आहे.

४ जुलै १९३९ रोजी महात्मा गांधी हा कारखाना पाहायला आले. देशाला लागणारी औषधे देशातच तयार व्हावीत, हा त्या भेटीचा रोख होता. दोनच महिन्यांत दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनीहून येणारी औषधे बंद झाली, इतर ठिकाणचीही दुर्मिळ झाली. १९४१ पासून सिप्लाने शुद्ध रसायने स्वतः बनवण्यास प्रारंभ केला. युद्धाने अनेकांना रातोरात श्रीमंत केले, त्यातले बरेच साठेबाजीने. ज्याच्याकडे प्रयोगशाळा आणि माणसे तयार होती, त्याला मात्र त्या टंचाईत काहीतरी बनवून दाखवता आले. १९४४ मध्ये भाड्याची ती जागा कंपनीने विकत घेतली. कराराची २० वर्षे तेव्हा निम्मीही सरली नव्हती. १९४६ मध्ये रक्तदाबावरील सर्पिनॉइड हे औषध एका अमेरिकन कंपनीला निर्यात झाले, सुमारे ८ लाख रुपयांचे. नोंदणीच्या वेळच्या अधिकृत भांडवलापेक्षा ही रक्कम मोठी आहे!

सार्वजनिक कामाविषयी थोडक्यात सांगतो. १९३७ पासून १९६२ पर्यंत ते मुंबईच्या विधान परिषदेत होते. मुंबईचे शेरीफ झाले. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या घडणीत त्यांचा वाटा होता; पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा याच परिषदेची. फाळणीला त्यांचा विरोध होता. ते आणि त्यांचा कारखाना येथेच राहिले.

आता घरच्या माणसांना धंद्यात घेण्याविषयी. त्यांचे चिरंजीव युसूफ हे केंब्रिजहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९६० मध्ये परतले व सिप्लात दाखल झाले. मालकाचा मुलगा, त्यात केंब्रिजचा डॉक्टर. पगाराची काय कमतरता, असे आपल्याला वाटेल. परंतु पब्लिक लिमिटेड कंपनीत संचालकाच्या नातेवाइकाला नोकरी देण्यासाठी त्या वेळच्या कायद्याने सरकारची परवानगी लागत असे, आणि ती येईपर्यंत सुमारे वर्षभर त्यांनी बिनपगारी काम केले. आपल्याकडे वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यात हात घालून पैसे काढणारी मुले असतात, आणि ते पैसे कोणत्याही वहीत लिहिले जात नाहीत. भागधारकांचा पैसा असलेल्या कंपनीत हे चालत नाही, आणि खरे तर लहान दुकानातही चालू नये. याच युसूफ हमीद यांच्या काळात, २००१ मध्ये, सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा उपचार एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा १० हजार डॉलरांच्या वर होता.

१९६० मध्येच विक्रोळीला दुसरा कारखाना सुरू झाला आणि १९६८ मध्ये ॲम्पिसिलिन हे प्रतिजैविक देशात प्रथम सिप्लाने बनवले. मोठी अडचण होती ती इंग्रजांच्या काळातील १९११ च्या पेटंट कायद्याची. औषधाच्या पदार्थावरच परदेशी कंपनीचा हक्क असल्याने तो वेगळ्या कृतीने बनवणेही अवघड होई. संसदेने १९७० मध्ये नवा कायदा केला. औषधाच्या केवळ कृतीवर पेटंट देणारा हा कायदा २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. २००५ पर्यंत ही तरतूद टिकली आणि तिच्या आधारावर देशातील औषधनिर्मिती वाढली.

तो अमलात आला तेव्हा डॉ. हमीद हयात होते. दोन महिन्यांनी, २३ जून १९७२ रोजी, त्यांचे निधन झाले. अ लाईफ टू रिमेंबर हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र त्याच वर्षीचे आहे.