डिमरमधला ट्रायॅक आणि शॉकलींचा हट्ट

मागच्या महिन्यात आमच्या हॉलमधला जुना पिवळा बल्ब उडाला. नवीन लावला, तर डिमरचा नॉब कितीही फिरवा, उजेड फुल्लच! डिमर उघडून मल्टिमीटर लावला. आतला ट्रायॅक शॉर्ट झाला होता. ट्रायॅक म्हणजे आपल्याकडच्या एसी लाइनवर सेकंदाला १०० वेळा चालू-बंद होणारा इवलासा स्विच. बल्ब उडाला तर हा का जावा? ते शोधता शोधता मी पोहोचलो विल्यम शॉकली यांच्यापर्यंत.

शॉकलींचा जन्म १९१० चा, लंडनमधला. आईवडील अमेरिकन, बालपण कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोमध्ये गेलं. १९३६ साली एमआयटीतून डॉक्टरेट घेऊन ते बेल लॅब्जमध्ये लागले. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांच्याच टीममधल्या बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्यात आपला थेट हात नाही, हे शॉकलींना फार लागलं. पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी एकट्याने बसून जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली आणि तीच जास्त टिकाऊ ठरली. १९५६ चं फिजिक्सचं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

त्याच वर्षी शॉकलींनी माउंटन व्ह्यूमध्ये स्वतःची लॅब सुरू केली. रॉबर्ट नॉइस, गॉर्डन मूर अशी एकाहून एक हुशार पोरं गोळा केली. पण ट्रान्झिस्टर बनवायचं सोडून शॉकलींनी धरला चार थरांचा डायोड. सिलिकॉनचे चार थर, बाहेर दोनच वायरी. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो करंट अडवतो, त्यावर गेला की झटकन चालू होतो आणि करंट जवळजवळ थांबेपर्यंत चालूच राहतो. टेलिफोन एक्स्चेंजसाठी एकदम भारी कल्पना!

अडचण एकच होती. प्रत्येक पीस बरोबर त्याच व्होल्टेजला चालू व्हायला हवा, आणि तसं होईना. पातळ चकतीवर दोन्ही बाजूंनी प्रक्रिया करावी लागायची आणि एक पीस दुसऱ्यासारखा निघायचा नाही. टीम म्हणत होती, आधी साधा ट्रान्झिस्टर बनवू. शॉकली ऐकेनात. त्यात स्वभाव संशयी. एका कर्मचाऱ्याला किरकोळ जखम झाली, तर घातपात समजून ते खोटं पकडणाऱ्या मशीनपर्यंत गेले. शेवटी १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले आणि फेअरचाइल्ड सुरू झाली. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली.

गंमत बघा, त्याच १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने चार थरांचाच स्विच आणला, पण त्याला तिसरी वायर दिली: गेट. आता कधी चालू व्हायचं ते गेटवरचा छोटा सिग्नल ठरवणार. अगदी नेमक्या व्होल्टेजची कटकटच संपली. असे दोन स्विच उलटसुलट एकाच तुकड्यात बसवले की झाला ट्रायॅक. तो १९६० च्या दशकात आला.

म्हणजे शॉकलींना जे हवं होतं, नुसत्या व्होल्टेजने चालू होणं, तो ट्रायॅकमध्ये दोष ठरतो. लाइनमध्ये मोठा झटका आला तर तो गेटला न विचारता चालू होतो. आणि फिलामेंट तुटताना बल्बमध्ये क्षणभर आर्क पेटला तर प्रचंड करंट वाहतो, सिलिकॉन एका ठिकाणी वितळतं आणि ट्रायॅक कायमचा चालूच राहतो. आमच्याकडेही बहुधा हेच झालं.

शॉकलींची कंपनी १९६० मध्ये विकली गेली. १९६३ पासून ते स्टॅनफर्डला प्रोफेसर झाले. पुढे वंश आणि बुद्धिमत्तेबद्दल निराधार, वंशवादी दावे करत राहिले आणि एकटे पडले. १९८९ मध्ये ते गेले, तेव्हा मुलांनाही बातमी पेपरातून कळली.

मी कोड लिहितो. माझ्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं, असं मलाही वाटतं. पण हजारावा पीसही पहिल्यासारखाच चालला पाहिजे, आणि तो चालत नाही असं टीम सांगते तेव्हा ऐकलं पाहिजे. शॉकलींचं तिथेच चुकलं.

जाता जाता एक: डिमर शून्यावर आणला म्हणजे लाइन बंद झाली असं समजू नका. बल्ब बदलताना एमसीबी खाली करा.