वाल्देमार हाफकिन

1897 साली प्लेग बेळगावात शिरला. निपाणी-चिकोडीकडे त्या काळाच्या आठवणी निघत त्या ओस गावांच्या आणि माळावरच्या झोपड्यांच्या. याच सुमारास मुंबईहून येणाऱ्या एका लशीचे नाव दक्षिण महाराष्ट्रात कानोकानी झाले. तिचा जनक वैद्यही नव्हता. तो होता प्राणिशास्त्राचा अभ्यासक, आणि काही काळ ग्रंथालयातील सेवक!

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली ते शिकले. धर्मांतर करण्यास नकार दिल्याने रशियात प्राध्यापकपदाचा मार्ग बंद झाला. 1889 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना मिळाली ती ग्रंथालयातील जागा. दिवसा ग्रंथांची व्यवस्था आणि उरल्या वेळी सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम होता. पॅरामेशियम या एकपेशीय जीवाच्या केंद्रकात वाढणारे जंतू त्यांनी अभ्यासिले. डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवालाही त्याहून सूक्ष्म जिवाची बाधा होते, हे त्यातून दिसले.

1892 मध्ये पटकीची लस त्यांनी प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. 1896 च्या ऑक्टोबरात प्लेगने ग्रासलेल्या मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत त्यांचे काम सुरू झाले.

त्यांची रीत आपल्या स्वयंपाकघरातील वाटावी अशी होती. मांसरसात प्लेगचे जंतू वाढवावयाचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या वाढीचे तंतू खाली लोंबत; चंबू हलविला की ते गळून पडत आणि नवे धरत. लोकांच्या धर्मभावना ओळखून गोमांसाऐवजी बकऱ्याचे मांस वापरले गेले. पुढे उष्णतेने जंतू मारून ते टोचावयाचे. मेलेला जंतू रोग देत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते, आणि खरा जंतू आला की प्रतिकार आधीच सज्ज असतो. तत्त्व एवढेच.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ही लसही स्वतःवर आजमाविली. त्याच महिन्याअखेर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग होऊन 6 दगावले. टोचलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. 1898 मध्ये हुबळीत हजारोंनी टोचून घेतले. सक्तीच्या झडत्यांनी लोक सरकारवर चिडलेले असताना हे घडले, हे विशेष.

1902 मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो निर्जंतुक केला गेला नव्हता, हा दाखला फार उशिरा विचारात घेतला गेला. रोनाल्ड रॉस आदींनी त्यांची बाजू मांडल्यावर 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. त्यांना कलकत्त्यात काम मिळाले. परळची प्रयोगशाळा मात्र परत मिळाली नाही.

बेळगावकरांच्या परिचयाचा व्हॅक्सिन डेपो देवीच्या लशीसाठी होता. त्याचा हाफकिन यांच्याशी संबंध जोडणे बरोबर नव्हे. त्यांचे नाव लागले ते परळच्या संस्थेला, 1925 मध्ये. पुढे 1930 साली लोझान येथे ते वारले.