गजानन माधव मुक्तिबोध : उज्जैनच्या मास्तरचं आजारपण आणि उपचारांची लांब वाट

राजनांदगावच्या दिग्विजय कॉलेजात हिंदी शिकवणारे एक मराठी मास्तर १९६४ च्या फेब्रुवारीत अंथरुणाला खिळले. पक्षाघात झाला होता. वय अवघं ४६. हे मास्तर म्हणजे गजानन माधव मुक्तिबोध. आज हिंदी कवितेत त्यांचं नाव पहिल्या रांगेत घेतलं जातं, पण तेव्हा त्यांच्या नावावर एकही कवितासंग्रह नव्हता.

मुक्तिबोध घराणं मूळचं खानदेशातलं. पूर्वज ग्वाल्हेर संस्थानात गेले आणि तिथलेच झाले. गजाननरावांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. वडील माधवराव पोलीस खात्यात. बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलायचं. शेवटी कुटुंब स्थिरावलं ते उज्जैनला. घरात मराठी, बाहेर हिंदी. सरहद्दीवरच्या घरांना हे काही नवीन नाही. पुढे थोरल्या भावाने हिंदी धरली आणि धाकटे शरच्चंद्र मराठीतले नामवंत कवी, समीक्षक झाले. शरच्चंद्रांच्या एका कादंबरीचं नावच ‘क्षिप्रा’ आहे, उज्जैनच्या नदीचं.

गजानन शिकले उज्जैनच्या माधव कॉलेजात आणि इंदूरच्या होळकर कॉलेजात. १९३८ ला बी.ए. झाले. पुढच्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून शांताबाईंशी लग्न केलं. मग सुरू झाली पोटासाठीची वणवण. बडनगर, शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर... कुठे शाळामास्तर, कुठे छापखान्याचं काम, कुठे रेडिओ. उज्जैनला असताना त्यांनी प्रगतिशील लेखक संघाचं काम उभं केलं. १९४३ च्या ‘तार सप्तक’मधल्या सात कवींत ते होते. कविता वाढत गेल्या, पण पैसा काही टिकला नाही. पदरात लेकरं, डोक्यावर कर्ज, हातात विडी.

१९५८ ला राजनांदगावची प्राध्यापकी मिळाली, तेव्हा कुठे डोक्यावर नीट छप्पर आलं. पण १९६२ ला त्यांनी लिहिलेल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. हा घाव त्यांच्या फार जिव्हारी लागला.

आणि मग हा आजार. राजनांदगाव तेव्हा लहान गाव. मेंदूच्या आजाराचे तज्ज्ञ, तपासण्या गावात कुठून असणार? मित्रांनी धावपळ केली, सरकारकडे शब्द टाकला. मार्चमध्ये त्यांना भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात हलवलं. तिथे काही महिने गेले, तब्येत ढासळतच राहिली. हरिशंकर परसाई, श्रीकांत वर्मा आणि इतर लेखक मंडळींनी दिल्लीपर्यंत खटपट केली. जूनमध्ये लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले होते. त्यांच्या लक्ष घालण्याने मुक्तिबोधांना दिल्लीच्या एम्समध्ये दाखल केलं गेलं. रोगाचं नाव निघालं क्षयाचा मेंदुज्वर, म्हणजे क्षयाच्या जंतूंनी मेंदूच्या आवरणाला आलेली सूज. क्षयावरची औषधं तोवर देशात आली होती. पण या आजारात निदान लवकर झालं तरच ती नीट लागू पडतात. इथे फेब्रुवारीचा जून झाला होता. बराच काळ बेशुद्धीत काढून ११ सप्टेंबर १९६४ ला ते गेले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला कवितासंग्रह छापून आला, पण तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

मुक्तिबोधांसाठी निदान लिहिणारे मित्र होते, पंतप्रधानांपर्यंत पोचणारा शब्द होता. तरी उशीर झालाच. त्याच वर्षी त्याच भागात अंग लुळं पडून किती शेतमजूर, किती विडी कामगार खाटेवर पडले असतील, त्यांची नोंद कुठल्या चरित्रात सापडणार?

आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. भोपाळ, रायपूर, नागपूर, तिन्हीकडे एम्स आहे. राजनांदगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमात घराजवळ, विशेषतः खेड्यापाड्यांत, उत्पन्नाच्या अटीवर मोफत उपचार, अडथळा नसलेलं रुग्णालय आणि तपासणीत अग्रक्रम असं सगळं लिहिलेलं आहे. पण ज्याला स्वतःच्या पायाने एसटीची पायरी चढता येत नाही, त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत नेणार कोण, भाडं देणार कोण, सोबत गेलेल्या माणसाची त्या दिवसाची मजुरी भरून देणार कोण? सरहद्दीवर त्यात आणखी एक गाठ असते. जवळचा दवाखाना एका राज्यात आणि रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात.

राजनांदगावात तळ्याकाठी, मुक्तिबोध जिथे राहिले तिथे, आज त्यांचं स्मारक आहे. गोंदियाकडून रायपूरला जाणारी गाडी याच गावावरून जाते. त्या गाडीत आजही कुणीतरी आपल्या लुळ्या पडलेल्या माणसाला सावरत, कागदांची पिशवी छातीशी धरून मोठ्या दवाखान्याकडे निघालेलं असतं. त्यांच्या ओळखीचा पंतप्रधान नसतो. तो नसतानाही उपचार वेळेवर मिळायला हवेत.